लाल कढी आणि जुन्या पंचांगाची क्रांती

९ ऑक्टोबर, गुरुवार

ही वही आणली तेव्हा उन्हाळा होता. आतापर्यंत तिच्यात एका ट्रकवाल्याचा फोन नंबर, पोह्याच्या तेलाचा डाग आणि खोडून खोडून फाटलेली एक तारीख, एवढाच मजकूर आहे. लिहीन लिहीन म्हणत राहिले. कधी लाइट गेली, कधी पेन सापडला नाही, कधी पेन सापडला तर त्याच्या टोपणाशी खेळत बसले. आज लिहिते आहे, कारण माझं ऐकून घेणारं कोणी उरलं नाही. आईला सांगायला गेले तर म्हणाली, "तुहं रशिया तिकडं ठेव अन् भाजी निवड."

तर मी मीनल. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं. मग पुणे, हम्पी, गोवा, मध्येच कुठे कुठे, परत गोवा, आणि आता रायपूरला, गुढियारीत आईजवळ. बाबा रेल्वेत गार्ड होते, म्हणून नातेवाईक म्हणतात, पोट्टीच्या रक्तातच भटकणं आहे. फरक एवढाच, की बाबांना त्याचा पगार मिळायचा.

सध्या बीरगांवला, उरला नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीला लागून, ठेका कामगारांच्या युनियनचं ऑफिस सांभाळते. सांभाळते म्हणजे अर्ज लिहिते, पंख्याखाली वाचत बसते, आणि सेक्रेटरी गंगाधर भैयांशी भांडते. भैयांचे आजोबा भंडाऱ्याचे. त्यांना मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीतच देतात.

आजचं भांडण सोनियावरून झालं. सोनिया पोहा मिलमध्ये पॅकिंगला होती. आधारवर तिचं जुनं, पोराचं नाव आहे. गेट पासवर ती साडीत आहे. नव्या ठेकेदारानं दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं आणि तिला गेटबाहेर काढलं. युनियन तिच्यासाठी लढू शकते, पण ती सभासद असेल तरच. आणि नवे सभासद आमच्याकडे वर्षातून एकदाच घेतात, सात नोव्हेंबरला, रशियन क्रांतीच्या दिवशी, हात वर करून. त्यात आमची एक जुनी पद्धत: त्या दिवशी जो सगळ्यात नवा सभासद, तोच झेंडा चढवतो. या वर्षी दुसरं कोणी नवं नाही. म्हणजे सोनियाला घेतलं, तर झेंडा सोनियाच्या हातात.

"काम दिलवाना अलग बात है, मीनल," भैया म्हणाले. "झंडा चढ़वाना अलग. उरला के लड़के हँसेंगे."

"हसू द्या न. हसण्यावर जीएसटी आहे काय?"

"आखिर में तो काका जो बोलेंगे वही होगा."

काका म्हणजे दिवाकर काका. ऐंशीच्या वरचे, लग्न नाही, समता कॉलनीत पुतण्याकडे राहतात. रशियाच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात फिटर होते. तिथल्या एका सोव्हिएत इंजिनिअरकडून ते रशियन शिकले, मार्क्स शिकले आणि बीटाचं सूप शिकले. ही युनियन त्यांनीच उभी केली. दर सात नोव्हेंबरला ते स्वतःच्या हातानं ते सूप मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजवतात. बीट, कोबी, बटाटे, वरून दही, आणि हात विदर्भाचा असल्यामुळे लसूण-मिरचीचा ठेचा. कामगार त्याला लाल कढी म्हणतात अन् भातावर ओतून खातात. खऱ्या रशियन माणसानं एक घास खाल्ला तर तो दुसरी क्रांती करील.

काका देवाचं ऐकत नाहीत, डॉक्टरचं ऐकत नाहीत. फक्त रशियाचं ऐकतात. म्हणून ठरवलं: रशियाच घेऊन जायचा त्यांच्याकडे.

१२ ऑक्टोबर, रविवार

मला हे सगळं कुठून माहीत, ते लिहायचं राहिलं. गोव्याला मोरजीमच्या एका कॅफेत मी भांडी घासायचे, तिथे वेरा कांदे कापायची. वेरा आणि तिची मैत्रीण, दोघींचं एकमेकींवर प्रेम, म्हणून रशियातून निघून आल्या होत्या. त्यांच्या सुप्रीम कोर्टानं दोन हजार तेवीसमध्ये अशा लोकांची अख्खी चळवळच अतिरेकी ठरवली. कुठे ऑफिस नाही, अध्यक्ष नाही, सभासद नाही, आणि ती अतिरेकी. मी म्हटलं, तुमच्याकडे तर क्रांती झाली होती ना? ती डोळे पुसत म्हणाली (कांद्यामुळे), झाली होती आणि तेव्हा असल्या प्रेमाविरुद्धचा कायदा पुसलाही होता. मी हातातलं भांडं तिथेच खाली ठेवलं. तेव्हापासून फोनवर सापडेल ते वाचत असते. इंग्रजी अडखळत, बाकीचं भाषांतर करणाऱ्या मशीनच्या दयेनं.

आज काकांकडे गेले. थेट सुरुवात केली.

"काका, लेनिनच्या राज्यात पुरुषानं पुरुषावर प्रेम करणं गुन्हा नव्हता, माहीत आहे?"

काकांनी पेपर खाली घेतला. "कोण म्हणते?"

"बावीस सालचा कायदा म्हणते. झारच्या वेळचं कलम त्यांनी नव्या कायद्यात घेतलंच नाही. आपण इंग्रजांचं तीनशे सत्त्याहत्तर दोन हजार अठरापर्यंत कुरवाळत बसलो अन् त्यायनं शंभर वर्षांपूर्वी वाट मोकळी केली! परराष्ट्रखात्याचा कमिसार, म्हणजे मंत्रीच, स्वतः तसा होता, असं अभ्यासक सांगतात."

काकांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "खास काही केलं नसेल. जुना कायदाच फेकला, त्यात तेही गेलं."

"मग आपणही फेकू न. सोनियाच्या निमित्तानं."

"सोनियाचा प्रश्न वेगळा आहे."

"वेगळा आहे. पण गेटवर उभा राहून पाहणारा माणूस एकच आहे."

ते जरा हसले. मला वाटलं, जिंकले. आणि मग माझ्या जिभेनं नेहमीचं केलं. खरं तेच सांगावं म्हणून मी हेही सांगितलं, की मॉस्कोत कलम गेलं तरी उझबेकिस्तानसारख्या ठिकाणी ते ठेवलं होतं. कॉम्रेड लोकांनाही वाटायचं, की मोकळीक शहरातल्यांसाठी, मागासलेल्यांना दंडा. काका म्हणाले, मग पुढं काय झालं? मी म्हटलं, "पुढं चौतीस साली सगळीकडे परत आणलं."

"कोणी?"

मी भिंतीवरच्या मिशीवाल्या फोटोकडे बोट केलं.

काका उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा चेहरा बंद. "हा वर्गाचा प्रश्न नाही. विषय इथंच सोड, पोट्टे."

त्यांचा पुतण्या पराग, ज्याचा खालीच दवाखाना आहे, बीपीची गोळी घेऊन आला अन् त्यानं माझ्याकडे असं पाहिलं जसं मीच बीपी आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

गाझात युद्धविराम. किती दिवस टिकतो कोण जाणे, पण लोक ढिगाऱ्यांकडे परत चालत निघालेत ते पाहण्यात माझी बस चुकली.

जगाचं मला एक कळत नाही. अमेरिका म्हणते, रशियाचं तेल घेता म्हणून तुमच्यावर टॅरिफ. आम्ही म्हणतो, स्वस्त आहे, घेऊ. या सगळ्यात रशियातल्या वेरासारख्यांचं नाव कोणी काढत नाही, ना तेल विकणारा, ना घेणारा, ना रागावणारा. आणि अमेरिकेनं तरी काय, या वर्षी लिहूनच टाकलं की माणसं दोनच प्रकारची, बाई अन् पुरुष. रशिया-अमेरिका भांडतात एकमेकांशी, पण सोनियाच्या बाबतीत दोघांचं एकमत!

हे सगळं मी सोनियाला सांगितलं. ती ऑफिसच्या पायरीवर वेणी घालत बसली होती. कानात इंद्रधनुष्याच्या रंगांचे (वेरासारख्यांच्या झेंड्याचे रंग) डूल घातले म्हणून रशियात एका बाईला पाच दिवस कोठडीत ठेवलं, तेही सांगितलं.

"कान की बाली पे पाँच दिन?" ती म्हणाली. "यहाँ तो आधार पे पूरी नौकरी चली गई. दीदी, आपका रशिया छोड़ो, ये बताओ काका हाँ बोलेंगे के नहीं?"

मी म्हटलं, बोलतील. कशाच्या जोरावर म्हटलं, माहीत नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनतेरस. आणि माझं डोकं कुठेतरी पुरून ठेवावं असा दिवस.

सभेची पत्रकं छापायचं काम मीच मागून घेतलं होतं. दर वर्षी तेच ते 'सात नवंबर चलो' असतं. मी म्हटलं, अभ्यास करून लिहू. पुस्तकात पाहिलं, क्रांती झाली पंचवीस ऑक्टोबरला. छापलं: 'पच्चीस अक्टूबर, महान क्रांति दिवस, दोपहर तीन बजे, सब साथी पहुँचें.' तीन दिवस उरलाच्या गेटांवर वाटत फिरले. कोणी काही म्हणालं नाही. कामगारांना वाटलं, या वर्षी युनियननं तारीख बदलली.

आज काकांचा फोन आला. पलीकडे ते इतके हसत होते की आधी मला वाटलं पराग आहे.

"पोट्टे! तू जुन्या पंचांगानं क्रांती छापली!"

मग समजावून सांगितलं. रशियाचं कॅलेंडर तेव्हा जगाच्या तेरा दिवस मागे चालायचं. तिथली पंचवीस ऑक्टोबर म्हणजे इतरांची सात नोव्हेंबर. क्रांतीनंतर लेनिननं कॅलेंडरही बदललं. "अन् तू त्याले पुन्हा मागं नेलं. झारलेही जमलं नाही ते तुले जमलं!"

गंगाधर भैयांना हसू आलं नाही. "पच्चीस से छठ शुरू है, नहाय-खाय है, पता है? आधा बीरगांव बिहार में रहेगा. बाकी आधा तालाब पे. जाके तू ही खड़ी रहना, जो आए उसको वापस भेजना."

२५ ऑक्टोबर, शनिवार

उभी राहिले. दोन वाजल्यापासून ऑफिसच्या दारात, हातात पुठ्ठा: 'आज नहीं, सात नवंबर.'

पुरुष जवळजवळ कोणी आलेच नाहीत. पण तीनच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी बायका दिसल्या. पोहा मिलच्या, पोत्यांच्या कारखान्याच्या, कडेवर लेकरं, एकीच्या हातात बेसनाच्या तळलेल्या ठेठरीचा डबा. पुढे मीराबाई. मीराबाई आमच्या सगळ्यात जुन्या सभासद, धमतरीकडच्या, पॅकिंग खात्यात त्यांच्याइतकी वर्षं कोणी काढली नाहीत. सात नोव्हेंबरच्या सभेला या बायका कधीच दिसत नाहीत. का, ते आज कळलं. त्या दिवशी सकाळच्या पाळीचे पुरुष सुट्टी घेतात आणि त्यांचंही काम ठेकेदार बायकांवर टाकतो. इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.

मी पुठ्ठा दाखवला, माफी मागितली, पंचांगाचं सांगितलं. मीराबाई खाली बसल्या, लुगड्यानं वारा घेतला अन् म्हणाल्या, "आ गे हन, त कुछू बोल न नोनी."

आलोच आहोत तर काहीतरी बोल, पोरी. मी आयुष्यात कधी भाषण केलं नाही. शाळेत सुद्धा 'माझी गाय' म्हणताना रडले होते. पण सुरू झाले. बावीस सालचं सांगितलं, चौतीसचं सांगितलं. मग त्या पत्रकाराचं सांगितलं. एक स्कॉटिश माणूस, कम्युनिस्ट, मॉस्कोच्या पेपरात नोकरीला. नवा कायदा आला, त्याचा जोडीदार पकडला गेला. त्यानं थेट स्टॅलिनला लिहिलं: माझ्यासारखा माणूस पार्टीचा सभासद होऊ शकतो की नाही? सरळ प्रश्न. त्याच्या पत्रावर स्टॅलिननं शेरा मारला, दप्तरात टाका, मूर्ख आणि बिघडलेला माणूस.

"तर दीदी," मागून कोणीतरी, "जवाब नइ दिस?"

"नाही दिला."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. सोनिया भिंतीला टेकून नखं कुरतडत होती. मीराबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"एहू त ओइच पूछत हे," म्हणाल्या. ही पण तेच विचारते आहे. मग माझ्याकडे: "मोर संग काम करथे ये नोनी. मैं एक बोरी भरथंव, त ये डेढ़ भरथे. जवाब देना हे त हमन देबो. सात के आबो." उत्तर आम्ही देऊ, सात तारखेला येऊ.

"पण सात तारखेले तुम्हाले काम असते न?"

"नइ जाबो," त्या म्हणाल्या, म्हणजे कामालाच जाणार नाही, आणि ठेठरीचा डबा उघडला.

माझ्या चुकीची तारीख ती, पण मला विचाराल तर आजच क्रांती झाली. जुन्या पंचांगाप्रमाणे.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आईनं फराळ दिला म्हणून काकांकडे गेले. मनात होतं, बायकांचं सांगून त्यांना खूश करावं. पण त्यांनी आधीच सांगितलं, बस, मले एक विचारायचं आहे.

"ते कलम. चौतीसचं. कधीपर्यंत होतं?"

"त्र्याण्णवपर्यंत."

"म्हणजे सदुसष्ट-अडुसष्टमध्येही?"

"होतं न. साठ साली कायदा नवा लिहिला तर फक्त नंबर बदलला. एकशे एकवीस. पाच वर्षांपर्यंत आत."

काका कपातल्या चहाकडे पाहत राहिले. "अन् समज, तिकडचा एखादा माणूस आहे. त्याले परदेशातून पत्रं येतात. एकाच माणसाची. दर आठवड्याले. तर?"

माझ्या तोंडात चिवडा होता. "तर काय, मेला बिचारा. बाहेरची पत्रं उघडून वाचायचे म्हणे. पाठवणाऱ्याले अक्कल पाहिजे न!"

त्यांनी कप बशीत ठेवला. अगदी हळू, आवाज न करता.

"त्याले माहीत नसेल," ते म्हणाले. "त्याले वाटलं असेल का हा उत्तर देऊन नाही राहिला, म्हणजे विसरला."

"असेल," मी म्हटलं, आणि चकल्या कशा झाल्या विचारलं, कारण त्या मी केल्या होत्या.

काकांनी चकलीला हात लावला नाही. म्हणाले, सात तारखेले मी येणार नाही. कढीही नाही. मी पाया पडले, भांडले, क्रांतीची शपथ घातली. ते खिडकीबाहेर बघत बसले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि माझ्यामुळे. म्हाताऱ्याला सोव्हिएतची बदनामी सहन होत नाही, हे मला कळायला पाहिजे होतं.

सोनियाला सांगितलं तर ती म्हणते, "काका गुस्सा नहीं हैं, दीदी. गुस्से वाला आदमी कप पटकता है. इन्होंने तो रखा." तिला काय कळतं काकांबद्दल! ती त्यांना नीट भेटलेलीही नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

छत्तीसगड राज्याला पंचवीस वर्षं झाली. नव्या रायपूरला जत्रा, रस्ते बंद, मी सायकलवर.

परागचा फोन. "काकाले काय सांगितलं तू? दोन दिवस झाले, भिलाईले घेऊन चल म्हणून मागं लागले. आज नेलं. मैत्री बागेत, तिथल्या प्राणिसंग्रहालयात, जाऊन बसले. मी आइस्क्रीम आणलं तर म्हणतात, ल्योशाले पांढरा वाघ दाखवायचा राहिला."

"ल्योशा कोण?"

"अरे, तोच कढीवाला इंजिनिअर. अलेक्सेई. ल्योशा हे घरचं नाव म्हणे, आपण बाळकृष्णाले बाळ्या म्हणतो तसं. अडुसष्टमध्ये त्याले एकाएकी परत बोलावून घेतलं. तेव्हा ती बाग झालीही नव्हती."

साहेबाला घरच्या नावानं हाक मारायचे म्हणजे भारीच दोस्ती. आमच्या काकांना एक तरी मित्र होता, हे ऐकून बरं वाटलं. मला वाटायचं ते जन्मतःच अध्यक्ष होते.

३ नोव्हेंबर, सोमवार

काल आपल्या पोरींनी वर्ल्ड कप जिंकला. गुढियारीत दिवाळी परत झाली. आई, जी मला बॅट हातात घेतली म्हणून मारायची, ती शेवटच्या विकेटला खुर्चीवर उभी राहिली.

यात एक गोष्ट लिहायची टाळते आहे. वेराचा मेसेज आला. मोरजीमला सीझन सुरू झाला, कॅफेत जागा आहे, येतेस का? मी बॅग काढली. खरंच काढली, त्यात दोन कुडते टाकले. सात तारखेला हरलो तर मला सोनियाचं तोंड पाहवणार नाही, म्हणून आधीच निघावं, असा तो हिशेब. आजवर सगळीकडून अशीच निघाले आहे, जरा आधी.

सोनिया संध्याकाळी घरी आली, बॅग पाहिली. काही विचारलं नाही. म्हणाली, "दीदी, झंडे की रस्सी बहुत पुरानी है, नई लगवा देना." तिला खात्री आहे की ती चढवणार.

कुडते परत खुंटीला अडकवले. उद्या दोरी आणते.

५ नोव्हेंबर, बुधवार

काल बिलासपूरजवळ पॅसेंजर गाडी मालगाडीला धडकली. ओळखीत सगळे रेल्वेचे, आई दिवसभर फोनवर. बाबांच्या जुन्या गणवेशाची घडी तिनं उगाच मोडून पुन्हा घातली. आज काही खाल्लं गेलं नाही.

संध्याकाळी भैयांनी बातमी दाखवली. न्यूयॉर्कला स्वतःला समाजवादी म्हणवणारा महापौर निवडून आला. "देख, अमेरिका में लाल!" लहान पोरासारखे खूश. मी संधी साधली.

"भैया, अमेरिका राहू द्या. आपल्या छत्तीसगडच्या पोलिसात तृतीयपंथी शिपाई भरती झालेत, वर्षं झाली त्याला. वर्दी घालून उभे असतात. अन् लाल झेंड्याखाली सोनियाला जागा नाही? म्हणजे पोलीस आपल्यापेक्षा पुढारलेले!"

भैयांना पोलिसांनी आतापर्यंत किती वेळा उचललं, त्यांनाही आठवत नाही. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "ये बात मत बोल," म्हणाले. मग थोड्या वेळानं, स्वतःशीच: "बात तो सही है, साला."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसच्या गच्चीवर बसून लिहिते आहे. खाली ढोलक चालू आहे. घाईत आहे, अक्षर कसंही येऊ दे.

सकाळी नऊपासून लोक. आणि बायका! गल्ली भरून. मीराबाईंनी खरंच मिल अर्धी रिकामी करून आणली. उरलाची पोरं मागे भिंतीला रेलून, तोंडात गुटखा, हसायला तयार. काकांची खुर्ची तशीच रिकामी, कारण ती हलवायची हिंमत कोणाला झाली नाही.

सोनियाचं नाव मीराबाईंनी मांडलं. लगेच मागून एक आवाज: "काका नहीं आए. मतलब काका का ना है."

सगळे रिकाम्या खुर्चीकडे पाहायला लागले. पुढे वर येऊ लागलेले हात थांबले. सोनिया माझ्या शेजारी होती, नवी लाल साडी, आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं, संपलं. वाटलं, बॅग भरूनच ठेवायला हवी होती.

गंगाधर भैया उठले. घसा साफ केला. "काका का ना है, तो काका आके बोलेंगे. खुर्सी नहीं बोलेगी. यहाँ जो बैठा है, वो बोले." आणि त्यांनी स्वतःचा हात वर केला. सगळ्यात आधी. भैयांनी!

मग बायकांचे हात. बांगड्यांचा असा आवाज मी कुठल्या लग्नात ऐकला नाही. एकीनं तर लेकराचाही हात धरून वर केला, तो मतांत मोजायला लावू नका म्हणून भैयांनी हात जोडले. मागच्या पोरांपैकी एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं, त्यानं गुटखा थुंकला आणि हात वर केला. मग बाकीच्यांनी. मोजायची गरजच पडली नाही.

झेंडा अर्ध्यावर अडकला. नवी दोरी, मीच आणलेली, जाड निघाली, चाकात बसेना. मागून कोणी हसायच्या आत सोनियानं चप्पल भिरकावली, पदर खोचला आणि पोती ओढणाऱ्या हातानं असा झटका दिला की झेंडा वर जाऊन फटकन उघडला. आत बांधलेल्या झेंडूच्या पाकळ्या थेट गंगाधर भैयांच्या उघड्या तोंडात, कारण ते 'इंकलाब' म्हणत होते. 'जिंदाबाद' सगळ्यांनी मिळून म्हटलं, त्यांना सोडून.

सोनिया रडली नाही. मी रडले. दुपारी बाराच्या आत भैयांनी ठेकेदाराला युनियनची नोटीस धाडली, 'हमारी सदस्य' अशी सुरुवात करून. शेजारच्या मिलच्या बाईनं विचारलं, माझं पण नाव लिहितेस का.

त्या स्कॉटिश माणसाला मला सांगावंसं वाटतं: भाऊ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आलं. उशीर झाला, मॉस्कोहून नाही आलं, बीरगांवहून आलं. हो. होऊ शकतो.

फक्त कढी नाही. भात शिजला आहे, डाळ आहे, पण सगळे विचारतात, लाल कढी कुठंय? काकांना फोन केला, उचलला नाही. या एका गोष्टीमुळे समोसा तसाच बाजूला ठेवला आहे. जिंकले ते त्यांना सोडून जिंकले.

थांब, खाली गडबड झाली.

कठड्यावरून पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी ऑटो आहे. पराग उतरतो आहे, त्याच्या मागे मांडीवर गंज धरून... काका! गंजाचं तोंड फडक्यानं बांधलेलं, फडकं एका बाजूनं लालभडक. काकांनी पांढरा शर्ट घातला आहे आणि त्यावर टाय. आमच्या काकांच्या गळ्यात टाय! जुना, रुंद, निळा, इकडे मिळतो तसा नाही. आले बहुतेक मला झापायला, सगळ्यांसमोर.

सोनिया धावत वर आली. "दीदी, नीचे चलो! गुस्से में नहीं हैं, मैंने बोला था न. पूछे, झंडा किसने चढ़ाया. मैंने कहा, मैंने. तो मेरे सिर पे हाथ रखा, बोले, बेटी, मुझे बहुत देर हो गई. और भैया से बोले, आज भाषण मैं दूँगा, नया वाला. और दीदी, बोले, पंगत में एक थाली ज़्यादा लगाओ."

"कोणासाठी?"

"मैंने भी पूछा, कौन आने वाला है. बोले, ल्योशा."

ती हसते आहे आणि डोळे भरलेत, जसं काही तिला पहिल्यापासून सगळं माहीत होतं.

पत्रं. दर आठवड्याला, काकांनीच ल्योशाला लिहिलेली. आणि मी चिवडा खात खात काय बोलले!

खाली माइक खरखरतो आहे. काका उभे राहिले आहेत. मी चालले.